पाचवीत गेल्यापासून रोज कॅलेंडरात रिमार्क, कुणाला अनुभव आहे का?

डिचोलीची आई
नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते, लिहिते पहिल्यांदाच. मुलगा दहा वर्षांचा. चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत होता, यंदा हायस्कुलात पाचवीत घातला. गोव्यातल्यांना सांगायला नको, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. आधीच्या शाळेत मिळून अकरा मुलं होती, बाई घरच्यासारखं वागवायच्या, एकदाही तक्रार आली नाही. आता एका वर्गात बेचाळीस.

शाळेचं कॅलेंडर (डायरीला आमच्याकडे कॅलेंडरच म्हणतात) उघडायची मला धास्ती बसली आहे. चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीपर्यंत तेवीस रिमार्क. वर्गात त्रास देतो. शेजारच्या मुलाला कर्कटक टोचलं. टीचरना उलट बोलला. बालरथात (शाळेच्या बसमध्ये) मारामारी. मागच्या आठवड्यात बोलावून सांगितलं, मुलगा हायपर आहे, डॉक्टरला दाखवा. सासूबाईंनी दृष्ट काढली, देवळात प्रसाद (कौल) लावून विचारलं. नवरा म्हणतो बांबोळीला, मनोरुग्णालयात नेलं तर गाव काय म्हणेल.

गेल्या गुरुवारी मी त्याला लाटण्याने मारलं. तो रडला नाही. "आणखी मार" म्हणाला. त्यानंतर मला धड झोप नाही.

म्हापसेकर
ताई, राग मानू नका, पण हल्ली मुलांना धाकच राहिलेला नाही. आमच्या वेळी मास्तर छडी मारायचे आणि घरी सांगितलं तर वडील आणखी दोन द्यायचे. त्याने कुणाचं नुकसान झालं नाही. मोबाईल काढून घ्या, संध्याकाळी मैदानावर पाठवा, महिनाभरात सरळ येईल.

सत्तरीच्या बाई
मी प्राथमिक शिक्षिका होते, आता निवृत्त. "चौथीपर्यंत एकदाही तक्रार नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं.

एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत असतात. एखाद्या मुलाला वाचता येत नसलं तरी ते चालून जातं, कारण परीक्षेत प्रश्न आम्हीच मोठ्याने वाचून दाखवतो. मीही दाखवायची. मूल तोंडी उत्तर बरोबर देतं, हुशार वाटतं, मग आपण म्हणतो वाचनही येईल हळूहळू. अशी काही मुलं माझ्या हातून पुढे गेली आणि हायस्कुलात "मस्तीखोर" ठरली. त्यातला एक नववीत शाळा सोडून गेला. तो भेटला की अजून नमस्कार करतो, आणि मला त्याच्या डोळ्याला डोळा देववत नाही. मी त्याला वाचायला बसवून कधी बघितलंच नव्हतं.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये सांगत होता की संमोहनाची ताकद करणाऱ्याच्या हातात नसते, ज्याला सुचवलं जातं त्याच्या मनात असते. कॅलेंडरातल्या तेवीस रिमार्कांनी त्या मुलाला काय सुचवलं असेल, याचा विचार शाळेनेही करावा.

अबोली
ताई, आधी गुरुवारबद्दल. चुकलं हे तुम्हाला कळलं आहे, म्हणून तर झोप लागत नाही. त्याला जवळ बसवून एवढंच म्हणा, "मी मारलं ते चुकलं, पुन्हा मारणार नाही." "पण तूही जरा..." हे शेपूट जोडू नका. "आणखी मार" म्हणणारं मूल निगरगट्ट झालेलं नसतं. आपण वाईटच आहोत हे त्याला पटत चाललेलं असतं, आणि ते तुम्ही घाईने थांबवायला हवं.

मी मुलांची मानसतज्ज्ञ आहे, फोंडा आणि डिचोली भागातल्या काही शाळांत नियमित जाते. इथे बसून निदान करता येत नाही, ते मी करणारही नाही. पण "हायपर" हा शब्द शाळांतून फार सहज फेकला जातो, म्हणून त्यावर बोलते. एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं) म्हणायचं तर लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, निदान सहा महिने टिकावी लागतात, आणि घर, शाळा, शेजार यांपैकी दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. अकरा मुलांत ते कुणाच्या लक्षात आलं नसेल असंही होऊ शकतं, त्यामुळे "नाहीच" असं मी म्हणत नाही. पण सुरुवात तिथून करत नाहीत.

सुरुवात डोळे आणि कानांपासून. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल "शेजाऱ्याला त्रास देतो" या रिमार्कात नेमकं बसतं. पावसाळ्यात सारखी सर्दी असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि कित्येक आठवडे कमी ऐकू येतं, मूल "ऐकत नाही" ठरतं. बोलता बोलता काही सेकंद नजर शून्यात जाते का, हाक मारली तरी ओ देत नाही का, तेही बघा. एक प्रकारची फिट अशीच असते आणि ती वर्षानुवर्षं दुर्लक्ष म्हणून खपते. झोप किती, सकाळी खाऊन जातो का, हे बघा. आधी बालरोगतज्ज्ञ, मग माझ्यासारखी माणसं.

दुसरं, आजच एक वही घ्या. पानाचे तीन रकाने. मधल्या रकान्यात काय घडलं. डावीकडे त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं. उजवीकडे लगेच नंतर काय झालं. विशेषणं नकोत. "उद्धटपणा केला" असं न लिहिता "नाही वाचणार म्हणाला" असं लिहा. दोन आठवडे भरा आणि इथे टाका. वर्गशिक्षिकेला विनंती करा की रिमार्क लिहिताना तास कुठला आणि वर्गात काय चाललं होतं, हे चार शब्द जोडा.

म्हापसेकर, तुमच्याशी माझा वाद आहे. गोवा बाल कायदा २००३ आणि शिक्षणहक्क कायदा २००९, दोन्हींनी शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली आहे, पण कायदा बाजूला ठेवू. मारलं की मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून मारणाऱ्याला वाटतं उपाय लागू पडला. पुढच्या वेळी तो लवकर मारतो आणि जोरात मारतो. मूल शिकतं की इथे जोर चालतो, आणि बालरथात तोच वापरून बघतं. अमेरिकेत जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतून हीच साखळी बारकाईने नोंदवली. मोकळं सोडण्याच्या बाजूचीही मी नाही. मर्यादा हवीच, आणि ती रोज तीच हवी.

हायस्कूल मास्तर
मी पाचवी-सहावीला शिकवतो. हा धागा वाचून वाईटही वाटलं आणि थोडा रागही आला. बेचाळीस मुलं, आठ तास, अभ्यासक्रम पुरा करायचा, वर निवडणूक यादीची कामं. तीन रकाने भरायला वेळ कुठला? समुपदेशक येतात, पण त्यांच्याकडे आमच्यासारख्या आणखी शाळा आहेत. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलाने खुर्ची फेकली. ती एका मुलीच्या कपाळाला लागता लागता राहिली. उरलेल्या एक्केचाळीस मुलांच्या आईवडिलांना मी काय सांगायचं? "त्याच्या मनात काय चाललंय ते बघा" म्हणणारे वर्गात पंचेचाळीस मिनिटं उभे राहत नाहीत.

अबोली
सर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. खुर्ची हवेत असते तेव्हा बाकीची मुलं आधी बाहेर काढायची, त्याला एका मोठ्या माणसाने शांत उभं राहून वेळ द्यायचा, आणि वही दुसऱ्या दिवशी. त्या मुलीला बसलेली भीती खरी आहे. तिच्याशीही कुणीतरी बोलायला हवं, हे पुष्कळ शाळांत राहून जातं.

पंचेचाळीस मिनिटांचं मात्र सांगते. मी वर्गात येते तेव्हा शेवटच्या बाकावर बसते आणि दोन मुलांकडे बघते. ज्याची तक्रार आहे तो, आणि त्याच रांगेतला दुसरा कुणीही. पुष्कळदा दुसराही तेवढाच चुळबुळतो. पेन्सिल पाडतो, मागे वळतो, खिडकीबाहेर बघतो. फक्त त्याचं नाव घेतलं जात नाही. एका शाळेत एका तासात एकाच मुलाचं नाव सतरा वेळा घेतलेलं मी मोजलं, सगळी सतरा वेळा टोकण्यासाठी. त्या बाई वाईट नव्हत्या, उलट फार मनापासून शिकवणाऱ्या होत्या. मी आकडा सांगितला तेव्हा त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की दर तासाला त्या मुलाचं नाव दोनदा तरी चांगल्यासाठी घ्यायचं, आणि "गुड" म्हणून सोडायचं नाही, काय चांगलं ते सांगायचं: "तारीख घातलीस, छान." मुलाच्या आधी त्या बाईंचा आवाज बदलला.

पेडण्याची
आम्हाला तर एका शाळेने सरळ सांगितलं, मुलाचा दाखला घेऊन जा, इथे नाही जमायचं. लेखी मागितलं तर दिलं नाही. एका खाजगी क्लिनिकात तीनदा पैसे भरले. तिथे त्याला एकट्याला आत बोलवायचे, अर्धा तास चित्रं काढायला लावायचे आणि मला म्हणायचे, "प्रेमाने वागा." शाळेशी कुणीही बोललं नाही. मी प्रेमाने वागत नव्हते का?

अबोली
वागत होतात. ते वाक्य तुम्हाला फार लागलं असणार.

आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात हे स्पष्ट आहे. तोंडी सांगितलं तर तुम्ही लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, पुढचं बोलणं तिथूनच बदलतं.

आणि जो मानसतज्ज्ञ शाळेच्या तक्रारीसाठी मूल बघतो पण शाळेशी एक शब्द बोलत नाही, त्याला विचारा, का नाही? आमच्या खोलीत मूल बहुधा गोडच वागतं. तिथे एकच मोठं माणूस, एकच मूल, हवी ती खेळणी. मला तिथे फार थोडं दिसतं. तुमची लेखी परवानगी घेऊन शाळेत जाणं, वर्गशिक्षिकेला आणि तुम्हाला एका टेबलाशी बसवणं, हे काम त्यातच येतं.

दोडामार्गकर
आम्ही सीमेपलीकडचे, पण मोठ्या दुखण्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजातच येतो. मानसतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक यात कुणाकडे जायचं? माझी भाची सात वर्षांची, घरी भरपूर बोलते, शाळेत एक शब्द नाही.

अबोली
मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसतज्ज्ञ चाचण्या आणि वर्तनावरचं काम करतात, औषध देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक विचारायला संकोच करू नका. समुपदेशक शाळेतला पहिला थांबा. बांबोळीच्या आयपीएचबीत (सरकारी मनोरुग्णालयात) डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ दोन्ही असतात आणि अपंगत्वाच्या दाखल्याचं कामही सरकारी संस्थांतूनच होतं. संस्थांमध्ये "संगाथ" गोव्यात १९९६ पासून आहे, "सेतू" मुलांच्या विकासाच्या प्रश्नांवर काम करते. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६.

भाचीला "बोल बोल" म्हणून चारचौघांत कुणी आग्रह करू नये, आणि लवकर दाखवा. ती हट्टाने गप्प नसते, शाळेत तिचा घसा भीतीने बंद होतो. वय लहान असताना ते बरंच सुटतं. शक्य तर वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहीन.

डिचोलीची आई
दोन आठवडे झाले. डोळे तपासले, थोडा नंबर निघाला, चष्मा केला. कान ठीक. त्याला सॉरी म्हटलं. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री माझ्या खोलीत चादर घेऊन आला.

वहीतलं उतरवते.

सोमवार, दुसरा तास, इंग्रजी. आधी: रांगेने धडा वाचणं चालू. घडलं: पाण्याची बाटली पाडली, शेजाऱ्याची वही भिजली. नंतर: तास संपेपर्यंत वर्गाबाहेर.

मंगळवार, पाचवा तास, समाजशास्त्र. आधी: रांगेने वाचन. घडलं: पुढच्या मुलाची कॉलर ओढली. नंतर: हेडमास्तरांकडे.

बुधवार काही नाही. चित्रकला, पीटी, गणितात फळ्यावरची उदाहरणं.

गुरुवार, घरी. आधी: होमवर्क काढ म्हटलं. घडलं: पुस्तक फेकलं. नंतर: मी ओरडले, सासूबाईंनी त्याला जवळ घेऊन टीव्ही लावला, होमवर्क राहिलं.

शुक्रवार, दुसरा तास, इंग्रजी. आधी: वाचन. घडलं: "नाही वाचणार" म्हणाला, मग बाकावर हात आपटले. नंतर: बाहेर.

पुढच्या आठवड्याचंही असंच आहे. लिहिता लिहिता मला काहीतरी दिसलं म्हणून मी त्याला पेज वाढताना सहज विचारलं, बाटली पडली तेव्हा तुझ्या आधी वाचायचे किती जण राहिले होते? म्हणाला, "दोन." कॉलर ओढली तेव्हा? "तीन." शुक्रवारी मोजायला विसरला होता, एकदम त्याचंच नाव आलं.

सत्तरीच्या बाई
वाचून डोळ्यांत पाणी आलं. पोर बाक मोजत बसलेलं असतं हो.

अबोली
ताई, हा प्रश्न मी विचारायला हवा होता, तुम्ही विचारलात.

उजवा रकाना पुन्हा वाचा. बाहेर, हेडमास्तर, टीव्ही, बाहेर. प्रत्येक वेळी वाचन टळलं. शाळेला वाटतं शिक्षा दिली, त्याला मिळाली सुटका. बेचाळीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा "मस्तीखोर" म्हणवून घेणं त्याला परवडतं, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघितलं तर तो हिशेब चुकीचा नाही. म्हणून सुटकेचा दुसरा रस्ता द्यायचा. कार आणि डुरँड या दोन संशोधकांनी १९८५ साली हेच दाखवलं: वागण्यातून मूल जे मागतं ते नीट मागायला शिकवलं की दंगा कमी होतो.

शाळेत दोनच गोष्टी मागा. दहा मागितल्या तर एकही होत नाही. पहिली, काही आठवडे रांगेने वाचनात त्याला अचानक उठवायचं नाही. उद्या कुठला परिच्छेद, त्यातली कुठली एक ओळ त्याची, हे आदल्या दिवशी सांगायचं, तो घरी दहा वेळा वाचून येईल. दुसरी, बाकावर एक पिवळं कार्ड. फार झालं की ते उलटं करायचं, टीचर मान हलवतील, दोन मिनिटं पाणी पिऊन परत. परत यायचंच, आणि राहिलेलं काम करायचंच. घरी सासूबाईंना विश्वासात घ्या. त्यांची माया हवीच आहे, फक्त टीव्ही पाच ओळी लिहून झाल्यावर. आधी पाच ओळी, मग टीव्ही, मग आजीची मांडी खुशाल.

एक सावधगिरी. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आणखी जोरात वापरून बघतं. पहिला आठवडा-दीड आठवडा वाईट जाईल. त्यात तुम्ही किंवा शाळेने हात टेकले तर तो शिकेल की जोर वाढवला की जमतं. शाळेला हे आधीच सांगून ठेवा.

आणि आज रात्री त्याला एक काम द्या: चौथीच्या पातळीचं पण कधी न वाचलेलं मराठी पान. मराठी सरळ वाचलं तर अडचण मुख्यतः नव्या भाषेची, त्यासाठी शिकवणं आणि वेळ लागेल. मराठीतही जोडाक्षरं गाळत असेल, ओळ सुटत असेल, अंदाजाने शब्द ठोकत असेल, तर वाचनाच्या अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियाची) तपासणी करून घ्या. देवनागरीत अक्षर तसा उच्चार, त्यामुळे हुशार मूल कसंबसं निभावून नेतं. इंग्रजीत "टफ" (tough), "थ्रू" (through) आणि "दो" (though) यांची शेवटची अक्षरं तीच आणि उच्चार तीन, तिथे ते उघडं पडतं. तपासणी मराठीतूनही व्हावी असा आग्रह धरा. व्ही. व्ही. कामतांनी बुद्धिमापनाची बिने चाचणी १९३४ मध्ये मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. मुलाला त्याच्या भाषेत विचारायचं, हे तेव्हाही कळत होतं. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. निघाली तर दहावीला जादा वेळासारख्या सवलती मिळतात.

हायस्कूल मास्तर
परिच्छेद आदल्या दिवशी सांगणं मला जमण्यासारखं आहे, त्याला वेळ लागत नाही. माझ्या वर्गात एक आहे. उद्यापासून करून बघतो. खुर्चीवाला मुलगा तोच.

म्हापसेकर
धाक हवा हे माझं मत अजून आहे. पण ती सुटकेची गोष्ट वाचून थांबलो. मीही इंग्रजीच्या तासाला बाहेर उभा असायचो आणि मला तिथे बरं वाटायचं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

डिचोलीची आई
दोन महिन्यांनी लिहिते. पहिले नऊ दिवस फार कठीण गेले, एकदा तर त्याने पिवळं कार्ड फाडून टाकलं. टीचरनी दुसरं केलं, काही बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी त्याने एक ओळ वाचली. घरी येऊन मला पुन्हा वाचून दाखवली, मग आजीला, मग कामावरून आल्यावर बाबांना.

मराठी पान वाचताना "प्रश्न" ला "पर्शन" आणि "स्वच्छ" ला नुसतं "सच" म्हणाला, दोन ओळी गाळल्या. आम्ही बांबोळीला नाव घातलं आहे. नवरा स्वतः रजा काढून येतो म्हणाला. या महिन्यात कॅलेंडरात चार रिमार्क, त्यातला एक चांगला: "रेड वेल टुडे." ते पान तो बंद करू देत नाही.

बालरथातली मारामारी मात्र तशीच आहे. तिथे वाचन नाही, अभ्यास नाही, मग का?

अबोली
तिथलं कारण वेगळं असणार. शाळेला जाताना होते की परत येताना, तो कुठल्या सीटवर असतो आणि शेजारी कोण बसतं, ते लिहायला घ्या. चालकासोबत मदतनीस असतील तर त्यांनाही विचारा, त्यांना पुष्कळ दिसतं. आणि मुलाला विचारा, वर्गातल्या वाचनावरून त्याला बसमध्ये कोण काय म्हणतं.